दोन-स्ट्रोक आउटबोर्ड घरी बांधताना: बोअर, सील आणि जेट

बोटीच्या मागे लावायचं हे इंजिन ८ अश्वशक्तीचं, दोन सिलेंडरचं, १६५ सीसी. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४२. कोकणातल्या खाडीत चाललेलं, म्हणजे आत मीठ असणार हे धरूनच कामाला लागलो. उघडण्याआधी दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजलं: वरचा सिलेंडर ९५ पीएसआय, खालचा ६०. नुसत्या आकड्यापेक्षा दोघांतला फरक बघायचा. तो १५ च्या वर गेला की कार्ब्युरेटर धूत बसण्यात अर्थ नाही.

खरा वेळ बोल्ट खातात. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा बोल्ट आणि मधे खारं पाणी, मग दोन्ही धातू एकमेकांना सोडत नाहीत. एक्झॉस्ट कव्हरचे एम-६ बोल्ट सगळ्यात आधी तुटतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी ते पुसून ब्लोटॉर्चने बोल्टाभोवतीची बॉडी तापवली, आधी किंचित आवळून मग सोडलं. तरीही तुटला तर मधोमध पंच, ड्रिल आणि हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). फ्लायव्हील काढायला त्यावर हातोडा चालवू नये. चुंबक निखळतात, क्रँक वाकतो. १० मिमी जाड पट्टीचा तीन बोल्टांचा पुलर कोणताही लेथवाला करून देतो.

खालच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे होते. कारण वॉटर जॅकेटमध्ये (सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) सापडलं: मिठाचा घट्ट थर आणि बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट. पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवला की कळतं. ५० अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. हे दुरुस्त न करता नुसता बोअर केला (सिलेंडर आतून कापून मोठा केला) तर नवा पिस्टनही त्याच जागी धरणार, म्हणजे अडकून बसणार.

बोअरिंगसाठी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत जावं, पण आधी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन हातात असू द्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायचा, उलट नाही. माप स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळापासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात घ्यायचं. दुचाकीच्या सवयीने बोअरवाला म्हणणारच, "भाऊ, थोडा ढिल्ला ठेवतो." हे इंजिन पाण्याने थंड होतं, मी पिस्टन आणि सिलेंडरमधल्या ०.०४ मिमी क्लिअरन्सवर (फटीवर) ठाम राहिलो. बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या तोंडांच्या) कडा हलक्या गोल करून घ्या, नाहीतर रिंग कडेला अडकून तुटते. होनिंगनंतर (दगडाने आत बारीक रेघा मारल्यावर) सिलेंडर गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने घासायचा. पेट्रोलने धुतलं की दगडाची भुकटी रेघांतच राहते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवा.

आरएक्स १०० चा बोअरही ५० मिमीच, त्यामुळे तिचा पिस्टन टाकायचा मोह नागपुरात हमखास होतो. बोअर जुळला म्हणून पिन, पिनची उंची आणि स्कर्ट जुळत नाहीत.

क्रँककेसच्या जोडावर गॅसकेट नसते, पातळ अ‍ॅनेरोबिक सीलंट (हवा बंद झाली की घट्ट होणारं) असतं. क्रँकचे वरचे-खालचे सील नवेच हवेत. मग दाबचाचणी, आणि हीच पायरी बहुतेक जण टाळतात. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि लोखंडी पट्टी लावून बंद केली, प्लगच्या भोकातून बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडला, २५० पर्यंत हवा भरली. पाच मिनिटांत काटा जेमतेम हलला तर ठीक. पडला तर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे जागा दाखवतात. खालून हवा ओढणारं इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं, आणि नवा पिस्टन तासाभरात जातो.

आता बदल. पोर्ट उंच करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मोटरसायकलवर ते शोभतं. बोटीत आरपीएमवर प्रोपेलरचा लगाम असतो. ताकद वर सरकवली की बोट पाण्यातून उठायला लागणारा खालचा जोरच जातो. ट्रान्सफर पोर्टच्या तोंडाशी ओतकामाच्या कडा राहिलेल्या होत्या, तेवढ्या घासून गॅसकेटशी जुळवल्या. रीड (इनटेकच्या पातळ झडपा) नीट बसतात का ते फीलर गेजने पाहिलं, टोकाशी ०.२ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर बदला. थ्रॉटल पूर्ण उघडूनही आरपीएम कमी भरत असेल तर एक इंच कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर पुढे सरकणारा) प्रोपेलर लावा, १५० ते २०० आरपीएम वाढतात. पोर्टिंगपेक्षा हे स्वस्त, आणि उलटवता येतं.

जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचं (जेटचं) माप, मात्र नागपूरच्या हवेला धरूनच हवं. मे महिन्यात ४५ अंशांत हवा विरळ, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). डिसेंबरच्या सकाळी १० अंशांत तीच हवा सुमारे बारा टक्के दाट, मिश्रण लीन. म्हणून मेन जेट थंडीत ठरवायचा. उन्हाळ्यात बरोबर वाटणारा जेट थंडीत पिस्टन धरतो. वरून ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला तेवढ्याच हवेत साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. मी मेन जेट एक नंबर मोठा घेतला. ते पेट्रोल ओलावा ओढतं, जुने रबरी पाइपही मऊ करतं. मिसळलेलं इंधन महिनाभर ठेवू नका, फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी) रिकामा करा.

तेल टीसी-डब्ल्यू३ च (पाण्याने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनांसाठीचं, राख न ठेवणारं), दुकानात नाही मिळालं तर ऑनलाइन मागवा. स्कूटरच्या टू-टी तेलातली राख या थंड चालणाऱ्या इंजिनात प्लगवर आणि पिस्टनवर साचते. पहिले १० तास लिटरला ४० मिली, नंतर २०.

पहिल्यांदा सुरू करताना २०० लिटरचा ड्रम, प्रोपेलर काढलेला, पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या (प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) वर. इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) नवा, बसवताना साबणाचं पाणी लावून शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेने वळवत. कोरडं इंजिन काही सेकंदही चालवायचं नाही. टेलटेलमधून (थंड करणारं पाणी बाहेर दिसतं त्या नळीतून) पाणी आलं नाही तर लगेच बंद. ड्रममध्ये दहा मिनिटं आयडल पुरे, कारण पाणीच तापतं.

गोसीखुर्दसारख्या मोठ्या जलाशयावर नेण्याआधी परवानगी घ्या. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, वेग सतत बदलता ठेवून. जलपर्णीत शिरलात तर पाणी आत घेणारी जाळी तुंबली का बघा. दहा तासांनी प्लग फिकट तपकिरी हवेत. पांढरट दिसले तर जेट आणखी मोठा. त्याच वेळी लोअर युनिटचं (प्रोपेलरजवळच्या गिअरच्या डब्याचं) तेल बदला: नवं तेल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. जुनं दुधट निघालं तर आत पाणी शिरलंय, बहुधा प्रोपेलर शाफ्टचं सील गेलंय.