पहिल्या दिवशी नाव नीट घ्या

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि आठवीच्या वर्गात साठ पोरं नव्याने येऊन बसतात. नाशिक जिल्ह्यात बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंतच असते, त्यामुळे आठवीला तीन-चार गावांची मुलं एका बाकावर येतात. शहरात असाल तर सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली, घरी हिंदी बोलणारी मुलंही त्यात असतात. प्रत्येकाच्या मनात दोनच प्रश्न असतात: या सरांना माझं नाव कळेल का, आणि इथे माझी फजिती होईल का? पहिल्या तासाची सगळी आखणी या दोन प्रश्नांभोवती करावी, असं मला ठामपणे वाटतं.

नावाचं काम आदल्या दिवशीच सुरू करा. कारकुनाकडून मिळणारी यादी पुष्कळदा संगणकावरून इंग्रजी अक्षरांत निघालेली असते, आणि घोळ तिथेच होतो. त्या अक्षरांत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द सारखेच दिसतात, काना आहे की नाही तेही कळत नाही. मग काळेचा काले होतो, कडाळेचा कदाले होतो, पाथरेचा पठारे होतो. जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या प्रवेशनोंदवहीतली) मराठी नोंद शेजारी ठेवून यादी एकदा हाताने लिहून काढा आणि दोनदा मोठ्याने वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. शंका उरली त्या नावापुढे फुली मारा आणि वर्गात त्या मुलाजवळ जाऊन हळू आवाजात विचारा, "तुझं आडनाव तू कसं म्हणतोस?" सगळ्यांसमोर चुकीचं वाचलं की वर्ग हसतो, आणि ती चूकच पुढे त्याला टोपणनाव म्हणून चिकटते.

हजेरीला एका नावामागे पाच सेकंद धरले तर साठ नावांना पाच मिनिटं लागतात. रोल नंबरने ती दोन मिनिटांत उरकेल, पण निदान पहिला आठवडा नंबर नको. नाव घ्या, मान वर करा, "हजर" म्हणणारा चेहरा बघा, मग पुढचं नाव. साठही नावं एका दिवसात पाठ होत नाहीत. रोज दहा ठरवा. आठवडाभर जागा बदलू नका असं मुलांना सांगा आणि बाकांचा नकाशा काढून टेबलावर ठेवा, म्हणजे सहा दिवसांत वर्ग तोंडपाठ होतो.

एकेकाने उभं राहून स्वतःची ओळख करून देण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. अर्धा मिनिट धरला तरी साठ मुलांना तीस मिनिटं जातात आणि तासिका असते पस्तीस मिनिटांची. शिवाय लाजऱ्या मुलाचं आपली पाळी येईपर्यंत कशातच लक्ष नसतं. छाती धडधडत असते, दुसऱ्यांची नावं ऐकणार कोण? त्यापेक्षा चिठ्ठी घ्या. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की पंधरा कागदांत साठ मुलांचं काम भागतं. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या: वर्गात कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, तुला चांगली येणारी एक गोष्ट, शाळेत कसा किंवा कशी येतेस आणि किती वेळ लागतो, मला माहीत असावं असं काही. तिसऱ्या प्रश्नाने पुढचं बरंच भांडण वाचतं. पहिली एसटीच उशिरा येत असेल तर त्या मुलाला उशिराबद्दल दारात उभं करण्यात अर्थ नाही.

चिठ्ठ्या वाटण्याआधी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, नेहमीच्या अक्षरात, एक चार अंकी संख्या लिहून ठेवा. 3862 चालेल. ती चिठ्ठीच्या मागे उतरवायला सांगा. "दिसतंय का?" असं विचारलं तर सगळा वर्ग "हो" म्हणतो. चिठ्ठ्या मात्र खरं सांगतात. कुणी 3 चा 8 केलेला असतो, कुणी शेजाऱ्याचं बघून खोडलेलं असतं. एकाच कोपऱ्यातल्या चार-पाच चिठ्ठ्या चुकल्या तर खिडकीच्या उजेडाने फळा चमकतोय. एकटीच चुकली तर त्या मुलाला पुढे बसवा आणि घरी डोळे तपासण्याचा निरोप द्या. आवाजाचंही तसंच. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की मागच्या बाकांपर्यंत काही पोचत नाही, तेव्हा बाकांच्या मधोमध जाऊन उभे राहा.

"वडील काय करतात?" हा प्रश्न पहिल्या दिवशी नकोच. कुणाला वडील नसतात, कुणाचे मजुरीला गेलेले असतात. जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, आधार ही कागदपत्रं नंतर, एकेकाला जवळ बोलावून मागा. "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हटलं की वर्गात जातीची रेघ ओढली जाते. पुढचे दहा उपक्रम केले तरी ती पुसत नाही.

स्वतःची ओळख दीड मिनिटात संपवा: नाव, विषय, मधल्या सुट्टीत कुठे भेटाल. "मी फार कडक आहे" हे वाक्य गाळा. नियम एकच सांगा: उत्तर चुकलं तर हसायचं नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, तेव्हा चेष्टा आपल्याकडूनही होता कामा नये. पहिलं हसू बहुधा बोलीवरून फुटतं. बागलाणकडची, अहिराणी बोलणारी मुलगी "सगळे" ऐवजी "बठ्ठा" म्हणते आणि मागून खसखस येते. हसणाऱ्याला भाषण देत बसू नका. तिच्याकडेच वळा, तिचं उत्तर पूर्ण होऊ द्या, तो शब्द फळ्यावर लिहा आणि विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" सुरगाणा-पेठकडचं, आणखी वेगळी बोली बोलणारं मूल मग आपणहून तोंड उघडतं.

उरलेली पंधरा मिनिटं खरं शिकवा. गणित असेल तर हे उदाहरण घ्या: कांदा क्विंटलला 1,500 रुपये निघाला, टोमॅटोचं 20 किलोचं क्रेट 300 रुपयांना गेलं. किलोमागे महाग काय? 1,500 चा आकडा बघून काही जण घाईने कांदा म्हणतात. दोन्ही पंधरा रुपयेच येतात, आणि ते शोधताना शेतकऱ्याघरची, एरवी गप्प बसणारी मुलं पुढे येतात. मग विचारा: चाळीत साठवलेला 100 किलो कांदा घटून 80 किलो भरला, तर तेवढेच पैसे मिळायला किलोला किती भाव हवा? 18 रुपये 75 पैसे. घट का येते, हे त्यांनाच सांगू द्या.

पहिल्या दिवशी सगळा पट हजर नसतो. लग्नाला, मामाकडे, पेरणीला गेलेली मुलं जुलैपर्यंत येत राहतात. त्यांच्यासाठी दहा-पंधरा कोऱ्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये ठेवा. उशिरा आलेल्या मुलाला फळ्यापुढे उभं करून ओळख मागू नका. बाकाशी जा, चिठ्ठी द्या, तेच चार प्रश्न, तीच फळ्यावरची संख्या. आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत त्याचं नाव तेवढ्याच सावकाश घ्या.