परत आलेल्या पैठणीचा क्लेम

येवल्यातून ऑनलाइन पैठणी विकताना परत आलेल्या एका पार्सलाने मला बरेच शिकवले. ‘रंग वेगळा आहे’ असे कारण देऊन ग्राहकाने हातमागाची पैठणी परत केली. खोक्यात मात्र यंत्रमागाची साडी निघाली. घडी तशीच होती, काठाचा रंगही जवळपास तोच होता. पदर उलटून पाहिला तेव्हा मोरांच्या मागे सुटे धागे लोंबताना दिसले. हातमागावर प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) नक्षीपुरताच, शेजारच्या बाण्यात गुंतवून विणतात, म्हणून अस्सल पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

ज्या संकेतस्थळावरून विक्री झाली, त्याच्याकडे मी लगेच भरपाईचा क्लेम केला. तो नामंजूर झाला, कारण माझा व्हिडिओ खोके उघडल्यानंतर सुरू होत होता. ही गोष्ट मनाला फार लागली. विणकराची मजुरी तर मी केव्हाच चुकती केली होती. दुसऱ्यांदा दाद मागताना वजनाचा आधार घेतला: जाताना कुरिअरने नोंदवलेले 910 ग्रॅम आणि परतीच्या लेबलवरचे 640 ग्रॅम. दोन्ही लेबलांचे फोटो आणि पदराच्या उलट्या बाजूचे जवळून घेतलेले छायाचित्र जोडले, तेव्हा भरपाई मिळाली, पण पूर्ण किमतीची नव्हे.

आता परतीचे पार्सल सीलबंद असतानाच, त्याचा बारकोड वाचता येईल अशा रीतीने मी चित्रीकरण सुरू करतो आणि घडी पूर्ण उलगडेपर्यंत ते थांबवत नाही. परताव्याची क्रेडिट नोटही (विक्रीची रक्कम वजा केल्याचा कागद) त्याच आठवड्यात काढतो. ती राहिली तर मोडलेल्या विक्रीचा जीएसटी आपल्याच माथी बसतो. संकेतस्थळ विक्रेत्याच्या पैशांतून जीएसटीपोटी आधीच जो टीसीएस कापते (10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का), तो परतावे वजा जाता उरलेल्या विक्रीवरच कापला आहे ना, हेही ताडून पाहतो.

रंगाची प्रत्येक तक्रार खोटी असते, असे मात्र मी मानत नाही. धूपछाव पैठणीत ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने दिव्याखाली ती वेगळीच भासते, आणि माझे फोटो फक्त उन्हातले होते. वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात, आणि ते मला रास्त वाटते. त्यामुळे अशा दोन साड्या मी वाद न घालता परत घेतल्या आणि प्रत्येक धूपछाव साडीचा दिव्याखालचा फोटोही टाकू लागलो.