परतीच्या विमानापासून उलटं मोजा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. अंदमानला निघालेल्या ओळखीच्यांचा मला दर हिवाळ्यात हाच फोन येतो: सहा दिवस मिळालेत, स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरणं, करायचंच आहे, कसं बसवू? आणि फोन ठेवता ठेवता दबक्या आवाजात, "पोहता येत नाही हो, चालेल ना?"

चालेल. त्याकडे येतेच. पण आधी कागद घ्या, त्यावर परतीच्या विमानाची वेळ लिहा आणि तिथून उलटं मोजा. विमानाआधीचे २४ तास कोरडे ठेवायचे. त्यात डाइव्ह नाही म्हणजे नाही.

सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत मुरत जातो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघून जातो, पण त्याला तासन्‌तास लागतात. विमानातला दाब मात्र कळसूबाईपेक्षाही उंच डोंगरावर असावा तितका कमी. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे पोचलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि त्रास सांधे ठणकण्यापासून मज्जारज्जूला इजा होण्यापर्यंत कुठेही जाऊ शकतो. एकाच डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त झाल्या तर १८, असं डायव्हर पाळतात. मी २४ धरते. आमच्या पहिल्या खेपेला टूरवाल्याने शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी विमान लावलं होतं. बदलून मागितलं तर म्हणाला, "सगळे करतात, काही होत नाही." मला त्याचा अजून राग येतो. ज्याला यातलं काही ठाऊक नाही, तो माणूस विश्वासाने पैसे भरत असतो.

तर सहा दिवस असे. पहिला श्रीविजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला. दुसऱ्या सकाळी बोटीने दोन-अडीच तासांत स्वराज द्वीप. हॅवलॉक म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. तिथे तीन रात्री राहा. तिसऱ्या दिवशी डाइव्ह, चौथा हाताशी राखून ठेवा, कारण समुद्र तुमचं बुकिंग बघून शांत राहत नाही. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर, सहाव्याला विमान. नील, बाराटांग ही बाकीची बेटं, सगळंच कोंबू नका. वेळ सकाळचीच घ्या. घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य पूर्वेचा आहे, हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो. महिना निवडता येत असेल तर फेब्रुवारी किंवा मार्च.

आता कान. मी दुसऱ्या खेपेला सर्दी घेऊन गेले. तीन मीटरवरच कानाला दडे बसले, नाक दाबून हवा ढकलली तरी सुटेनात, मग सुई टोचल्यासारखी कळ आली. इन्स्ट्रक्टरने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता वर नेलं. तो दिवस गेला. तरी त्याचं बरोबर होतं. तसंच खाली गेले असते तर पडदा फाटला असता. सर्दीची गोळी घेऊन उतरायचं तर मुळीच नाही. खाली असताना तिचा अंमल संपला तर वर येताना कान अडकतो. पडसं असेल तर तो राखीव दिवस वापरा. दमा, फिट्स, हृदयाचा आजार, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर इथूनच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. आणि तिथल्या फॉर्मवर खरंच लिहा.

पोहण्याचं म्हणाल तर पहिल्या, नुसती ओळख करून देणाऱ्या डाइव्हला ते लागत नाही. इन्स्ट्रक्टर सगळा वेळ तुम्हाला धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं प्रमाणपत्र देणारा कोर्स करायचा असेल तर मात्र २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. त्याला तीन-चार दिवस वेगळे काढा. आमच्या यांना पोहता येत नाही. त्यांची अडचण निराळीच निघाली, मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरायचं. मिशीला व्हॅसलीन चोपडल्यावर थांबलं. खुणा आदल्या दिवशी घरच्यांबरोबर घोकून ठेवा. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "मला वर न्या". छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. आणि श्वास कधीही रोखायचा नाही, तो चालूच ठेवायचा.

हे सगळं जमलं की काय मिळतं? आठ मीटरवर लाल रंग जवळजवळ विझलेला असतो, सगळं निळं-हिरवं. मी गुडघे किंचित दुमडून तरंगत होते. कुठून तरी कुरुमकुरुम आवाज येत होता, कोणी भाजलेला पापड खावा तसा. वळून पाहिलं तर हातभर अंतरावर पोपटमासा, चोचीने खडक खरवडणारा. थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूचा धूर निघाला. किनाऱ्यावर आपण चालतो त्या वाळूत याच्या पोटातून आलेलीही असते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

म्हणूनच एक विनवणी. प्रवाळाला हात लावू नका, पायातलं फिन लागू देऊ नका. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. काही सावरलं, काही गेलं. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही खिशात घालू नका, कायद्याने मनाई आहे. मुलांना हे आधीच सांगा.

राहिला पाचवा, कोरडा दिवस. तो सेल्युलर जेलसाठी ठेवा. पॅकेजमध्ये तिथे तास-दीड तास देतात, तेवढा पुरत नाही. सातपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. जिने चढून वर सावरकरांच्या कोठडीपर्यंत जा, दाराबाहेरचा कडीकोयंडा बघा, भिंतीत किती आत नेऊन बसवलाय ते. १९११ ते १९२१. मी तिथे उभी होते तेव्हा कानात थोडं पाणी आणि केसांत मीठ होतं, आदल्या दिवशीच्या त्याच समुद्राचं.

तुमच्या तारखा कळवा. आधी परतीच्या विमानाची वेळ.