कॉलेज खेळाडूंना पैसे मिळू लागले. वाटाघाटीचा हक्क मात्र बाकी आहे

अमेरिकेतील विद्यापीठे १ जुलै २०२५ पासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संस्थेविरुद्धच्या ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिली आणि महाविद्यालयीन खेळाडू हौशीच असला पाहिजे, हा शतकभर जपलेला नियम व्यवहारात संपला. या तडजोडीनुसार पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २ अब्ज ८० कोटी डॉलर भरपाई मिळायची आहे, तर सध्याच्या खेळाडूंसाठी तडजोडीत सामील झालेले प्रत्येक विद्यापीठ २०२५-२६ या पहिल्या वर्षात सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटू शकते. खेळाडूंना पैसे द्यावेत की नाहीत, हा वाद त्यामुळे मिटला आहे. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आता सुरू होतो: हे पैसे कोणत्या नात्याने दिले जाणार, आणि ते किती असावेत हे ठरवताना खेळाडूला तिथे बसायला जागा असणार की नाही?

या प्रश्नाचे मूळ वेतनापेक्षा अपघाताच्या भरपाईत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय आजची गुंतागुंत उलगडत नाही. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस ए अँड एम या छोट्या महाविद्यालयाचा (अमेरिकन) फुटबॉलपटू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती मागणी फेटाळली, कारण न्यायालयाच्या मते महाविद्यालय फुटबॉलच्या व्यवसायात नव्हतेच. अशा दाव्यांची धास्ती घेऊनच एनसीएएचे तत्कालीन कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हे बिरुद रूढ केले आणि ते नियमावलीत सर्वत्र वापरले जाईल याची काळजी घेतली. हा खेळाडू विद्यार्थीच असल्याने तो कोणाचाही कर्मचारी नाही, ही कायदेशीर ढाल त्यातून उभी राहिली.

ती ढाल किती टिकाऊ होती, हे केंट वॉलड्रेप यांच्या प्रकरणात दिसले. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा हा खेळाडू १९७४ मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मानेखाली लुळा पडला. पुढे अनेक वर्षांनी राज्याच्या कामगार भरपाई यंत्रणेने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १९९७ मध्ये ज्युरीने ते कर्मचारी नव्हते असे ठरवले आणि २००० साली अपील न्यायालयानेही तेच कायम ठेवले. १९५१ ते १९८८ अशी सदतीस वर्षे ही व्यवस्था चालवणाऱ्या बायर्स यांनी निवृत्तीनंतर तिच्यावरच कठोर टीका केली आणि खेळाडूंना आर्थिक स्वातंत्र्य द्यावे असे लिहिले. तोवर त्यांच्या हाती अधिकार उरलेला नव्हता.

महाविद्यालय फुटबॉलच्या व्यवसायात नाही, हे वाक्य आज कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही. बिग टेन या परिषदेने, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने, २०२३ पासूनच्या सात वर्षांसाठी केलेले प्रक्षेपण करार ७ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे आहेत. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढून टाकले, तेव्हा करार मोडल्याबद्दल साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेची जबाबदारी विद्यापीठावर आली. प्रशिक्षकाला काम न करण्यासाठी एवढे पैसे मिळत असताना खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीवर समाधान मानायला सांगितले जात होते. मला या विषमतेचा मनापासून राग येतो.

न्यायालयांनी ही भिंत हळूहळू पाडली. यूसीएलए या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच दिसणारा खेळाडू पाहिला आणि २००९ मध्ये दावा दाखल केला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करू देणारा कायदा केला. मग जून २०२१ मध्ये ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्या निकालाचा थेट विषय शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिले की कामगारांना रास्त बाजारभावाने मोबदला द्यायचा नाही असे आपसात ठरवून मोकळे होणे अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाला जमले नसते. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै २०२१ पासून, एनसीएएने नाव, प्रतिमा आणि ओळख यांवरील कमाईला, म्हणजे ज्याला सगळे एनआयएल म्हणतात तिला, वाट मोकळी करून दिली. विद्यापीठांच्या धनाढ्य समर्थकांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे गट उभारले आणि जाहिरातीच्या नावाखाली प्रत्यक्षात खेळण्याचाच मोबदला दिला जाऊ लागला. सर्वांना हे माहीत होते, पण उघडपणे कोणी म्हणत नव्हते.

हाऊस तडजोडीने हा आडमार्ग काही प्रमाणात बंद करून सरळ रस्ता बांधला आहे. वाटपाची कमाल मर्यादा मोठ्या परिषदांतील विद्यापीठांच्या प्रक्षेपण, तिकीटविक्री, प्रायोजकत्व अशा ठरावीक उत्पन्नाच्या सरासरीच्या २२ टक्के आहे आणि ती दरवर्षी वाढत जाणार आहे. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या बाहेरच्या प्रत्येक कराराची नोंद ‘एनआयएल गो’ या यंत्रणेत करावी लागते. डेलॉइट या सल्लागार कंपनीने उभारलेली ही यंत्रणा तो करार खऱ्या व्यावसायिक हेतूचा आणि रास्त किमतीचा आहे का, हे तपासते. अंमलबजावणीसाठी ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ ही नवी संस्था आहे. शिष्यवृत्त्यांवरील मर्यादा काढून त्याऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे. फुटबॉलसाठी ती १०५ आहे. या एका कलमामुळे शेकडो मुलांच्या जागा जाणार असल्याचे दिसताच न्यायाधीश विल्किन यांनी एप्रिलमध्ये मंजुरी रोखून धरली आणि त्या मुलांना मर्यादेतून वगळण्याची तरतूद करायला लावली. संपूर्ण प्रक्रियेत सामान्य खेळाडूचा विचार कोणीतरी आग्रहाने केला असे मला वाटलेले हे मोजक्या प्रसंगांपैकी एक आहे.

आता या २२ टक्क्यांकडे नीट पाहायला हवे. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंचा वाटा लीगच्या बास्केटबॉल उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्येही तो साधारण तेवढाच आहे. शिष्यवृत्त्या आणि इतर लाभ धरले तर विद्यापीठांचा आकडाही वर जातो, हे मान्य केले पाहिजे. माझा आक्षेप आकड्यापेक्षा तो ठरवण्याच्या पद्धतीवर आहे. एनबीए आणि एनएफएलमधील वेतनमर्यादा कायद्याला मान्य होते, याचे कारण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेली असते आणि अशा सामूहिक करारांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळते. महाविद्यालयीन खेळात अशी संघटना नाही. काही वकिलांनी खेळाडूंच्या वतीने एक खटला लढवला, तो मिटवताना एक मर्यादा मान्य केली आणि तीच मर्यादा आज माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या, कोणालाही मत न दिलेल्या मुलांनाही लागू होणार आहे. म्हणूनच ही मर्यादा कायम टिकेल असे मला वाटत नाही; तिच्याविरुद्ध नवे खटले होत राहतील.

सध्याच्या गोंधळाचे कारणही इथेच आहे. खेळाडू आता जवळपास दरवर्षी ‘ट्रान्स्फर पोर्टल’मधून विद्यापीठ बदलू शकतो, आणि संघ बांधता येत नाही अशी प्रशिक्षकांची तक्रार असते. ती तक्रार खोटी नाही. परंतु एखाद्या कर्मचाऱ्याने तीन वर्षे एकाच ठिकाणी राहावे असे वाटत असेल, तर त्याला तीन वर्षांचा करार द्यावा लागतो आणि त्या बदल्यात काहीतरी सोडावे लागते. विद्यापीठांना कराराचे बंधन हवे आहे, पण कराराने येणारे नाते नको आहे. टेनेसी विद्यापीठाचे क्रीडा संचालक डॅनी व्हाइट यांच्यासारखे काही अधिकारी सामूहिक करार हाच मार्ग असल्याचे जाहीरपणे म्हणू लागले आहेत, याचे मला मोल वाटते.

तो मार्ग सोपा नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी क्वार्टरबॅक केन कोल्टरच्या पुढाकाराने २०१४ मध्ये संघटना बनवण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी हंगामात आठवड्याचे ४० ते ५० तास फुटबॉलला देणारे हे खेळाडू कर्मचारी असल्याचे मान्य केले. मात्र २०१५ मध्ये पूर्ण मंडळाने या प्रकरणात अधिकार वापरण्यास नकार दिला आणि खेळाडूंनी टाकलेली मते कधी मोजलीच गेली नाहीत. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला, परंतु मंडळाची बदलती राजकीय रचना पाहून त्या वर्षाच्या अखेरीस अर्ज मागे घेण्यात आला. शिवाय हे मंडळ फक्त खाजगी विद्यापीठांपुरते आहे. सरकारी विद्यापीठांना त्या-त्या राज्याचा कायदा लागू होतो आणि उत्तर कॅरोलिनासारख्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करण्यावरच बंदी आहे. दुसरीकडे, जुलै २०२४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने ‘जॉन्सन’ प्रकरणात काही महाविद्यालयीन खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात असे म्हटले. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, २०२५ मध्ये मांडलेले ‘स्कोअर’ विधेयक मात्र नेमके उलट दिशेने जाते: खेळाडू कर्मचारी नाहीत असे जाहीर करणे आणि एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण देणे, हे त्याचे गाभ्याचे मुद्दे आहेत.

विरोधकांचा एक मुद्दा मला खरोखर अस्वस्थ करतो. पैसा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलमधून येतो आणि तिकडेच जाणार असेल, तर पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मैदानी खेळ यांचे काय? अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा फार मोठा भाग याच महाविद्यालयीन खेळांतून घडतो. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि त्यानंतर काही दिवसांतच विद्यापीठाने एनसीएएची पहिली श्रेणी सोडून शिष्यवृत्त्या नसलेल्या तिसऱ्या श्रेणीत जाण्याचा निर्णय जाहीर केला. तरीही या खेळांवरचे संकट केवळ खेळाडूंच्या वेतनामुळे आले असे म्हणणे मला पटत नाही. स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करण्याची घोषणा २०२० मध्येच केली होती, जेव्हा कोणालाही एक डॉलर थेट मिळत नव्हता. पुढच्या वर्षी माजी खेळाडूंच्या दबावामुळे तो निर्णय मागे घ्यावा लागला.

महिला खेळाडूंचा प्रश्न याहून टोकदार आहे. मागील भरपाईतील बहुतांश रक्कम फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलच्या खेळाडूंकडे जाते, आणि १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या समानतेच्या कायद्याचा त्यामुळे भंग होतो, असे म्हणत काही महिला खेळाडूंनी मंजुरीनंतर लगेच अपील केले. थेट वाटपाला हा कायदा लागू होतो का, यावर शिक्षण विभागाने जानेवारी २०२५ मध्ये एक भूमिका घेतली आणि नवे प्रशासन आल्यावर फेब्रुवारीत ती मागे घेतली. बाजारात महिलांच्या खेळाला मागणी नाही, हे कारण आता पुरेसे नाही: केटलिन क्लार्क खेळत असलेला २०२४ चा महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला आणि त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा हा आकडा मोठा होता. मागणी निर्माण व्हायला गुंतवणूक लागते. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ओरेगॉन विद्यापीठाची बास्केटबॉलपटू सेडोना प्रिन्स हिने महिलांच्या व्यायामखोलीतील हलक्या वजनांचा एक छोटा रॅक चित्रफितीत दाखवला, तेव्हा वर्षानुवर्षे ती गुंतवणूक किती कमी होती हे देशाने पाहिले. हाऊस खटल्यातील फिर्यादींमध्ये हीच प्रिन्स होती.

परदेशी खेळाडूंबद्दल तर फारसे कोणी बोलतच नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला तिथे कमाई करण्यावर कडक बंधने असतात. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनेडियन झॅक ईडी २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू ठरला, पण त्याच्या अमेरिकन सहकाऱ्यांना सहज मिळणारे करार त्याला खुले नव्हते. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून २०१८ आणि २०२२ मध्ये उंच उडीचा एनसीएए विजेता ठरला. त्याच्यासारख्या मुलांना वाटपात सामील करायचे, तर व्हिसाचे नियम बदलावे लागतील आणि ते काम कोणत्याही विद्यापीठाच्या हातात नाही.

माझी अपेक्षा अशी आहे की येत्या काही वर्षांत फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मोठ्या परिषदांना खेळाडूंची एखादी संघटना मान्य करावीच लागेल, कारण तिच्याशिवाय त्यांना हवी असलेली स्थिरता कायद्याने मिळणारच नाही. त्या वाटाघाटींत वेतन हा सर्वांत कठीण विषय नसेल. सरावाचे तास, कराराची मुदत, दुखापत झाल्यावर करार रद्द करता येतो का, एजंटांवर नियंत्रण कोणाचे, आणि खेळ संपल्यानंतरचे वैद्यकीय संरक्षण, हे विषय अधिक काळ चालतील. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीतील विद्यापीठांना खेळातील दुखापतींचा वैद्यकीय खर्च खेळाडू बाहेर पडल्यानंतर किमान दोन वर्षे करावा लागतो. ही सुधारणा चांगली असली, तरी एकविसाव्या वर्षी निकामी झालेला गुडघा पुढची चाळीस वर्षे त्रास देतो. दोन वर्षांचे दहा करायचे की वीस, त्यासाठी वाटपातला किती टक्के भाग बाजूला ठेवायचा, हे ठरवण्याच्या बैठकीत खेळाडूंनी निवडून दिलेले प्रतिनिधी हवेत, आणि तडजोडीची दहा वर्षांची मुदत संपण्याची वाट न पाहता परिषदांना ती बैठक आजही बोलावता येईल.