सिंगल फेजिंगचं कार्ड ईगलमधून कीकॅडमध्ये नेताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या युनिटात शेतीपंपांच्या स्टार्टर पॅनेलमध्ये बसणारी कार्डं तयार होतात. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, ड्राय रन (पाणी आटलं की मोटर थांबवणारं), ऑटो स्टार्टर (लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारं). शिरोली आणि गोकुळ शिरगावचे पॅनेलवाले ती घेतात, तिथनं ती करवीर, हातकणंगले, शिरोळच्या उसाच्या रानात जातात. या सगळ्या कार्डांची डिझाइनं ईगल या सर्किट बोर्ड काढायच्या प्रोग्रामात आहेत. ते विकणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीनं २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की ७ जून २०२६ पासून ईगलची विक्रीही बंद आणि सपोर्टही बंद. तेव्हापासून हातातली कामं सांभाळत मी एकेक कार्ड कीकॅड या दुसऱ्या प्रोग्रामात नेते आहे. पॉलिटेक्निकची पोरंपोरी इथं शिकायला येतात, ती सारखी विचारतात की हे कसं करायचं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सिंगल फेजिंगचं कार्ड काय करतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तीन फेजपैकी एक गेला, समजा डीपीवरचा फ्यूज उडाला, तरी चालू मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधनं जास्त करंट ओढत राहते आणि वाइंडिंग तापून जळतं. रात्रीची लाइट असते, मालक घरी असतो. सकाळी मोटर वर काढायची, रिवाइंडिंगला न्यायची आणि तोवर उसाचं पाणी थांबलेलं. कार्ड तिन्ही फेजवर नजर ठेवतं आणि समतोल बिघडला की रिले सोडून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मुख्य स्विच, पाडतं. आत एलएम ३२४ ही आयसी, थोडे रेझिस्टर आणि डायोड, एक शुगर क्यूब रिले, टर्मिनल. दोन लेयरचा, म्हणजे वर-खाली तांबं असलेला, साधा बोर्ड. पण त्याच्या एका काठाला ४१५ व्होल्ट असतात आणि तिथनं चार बोटांवर १२ व्होल्ट.

मला बोर्ड काढायला अण्णांनी शिकवलं. त्यांनी स्वतः सुरुवात केली ती पारदर्शक फिल्मवर काळी क्रेप टेप चिकटवून. दुप्पट मापात चिकटवायचं आणि मग फोटो काढून निम्मं करायचं. पुढं ते प्रोटेल हा जुना प्रोग्राम शिकले, ईगल शिकले, पण टेपवरची शिस्त सोडली नाही. मी कीकॅड उघडून बसले तेव्हा शेजारी खुर्ची ओढून ते एवढंच म्हणाले, “पोरी, आधी जोडण्या मोज. चित्र मागनं बघ.” या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याच वाक्याचा.

कीकॅड हे फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं. २०१३ पासून सर्न या संशोधन केंद्रातल्या लोकांनी त्यात भर घातली आणि तिथनं त्याची वाढ झपाट्यानं झाली. फुकट आहे म्हणून लोक त्याकडं वळतात. ईगलच्या फुकट आवृत्तीत ८० चौरस सेंटिमीटरच्या पुढचा बोर्ड काढता येत नसे, इथं तशी मर्यादा नाही, हे खरंच. पण माझ्या मते त्याची खरी किंमत वेगळी आहे. त्याची फाइल साधा मजकूर असते. उद्या कुणी ते बंद करायचं ठरवलं तरी फाइल उघडून वाचता येईल. आमच्यासारख्या युनिटांची कार्डं वर्षानुवर्षं रानात चालतात आणि दुरुस्तीला परत येतात. त्यांचं डिझाइन कुणा कंपनीच्या तारखेवर अवलंबून असू नये असं मला मनापासून वाटतं.

हात बसायला वेळ लागतो. ईगलमध्ये आधी ‘मूव्ह’ ही आज्ञा घ्यायची आणि मग पार्टवर क्लिक करायचं. कीकॅडमध्ये आधी पार्ट धरायचा आणि मग एम दाबायचं. दुसरा फरक मोठा आहे. ईगलच्या लायब्ररीत सिम्बॉल (सर्किटच्या नकाशातलं पार्टचं चिन्ह) आणि पॅकेज (बोर्डावरची त्याच्या पायांची जागा) एकाच डिव्हाइसमध्ये बांधलेले असतात. कीकॅडमध्ये सिम्बॉल वेगळा, फुटप्रिंट (पॅकेजचंच इथलं नाव) वेगळा, आणि कुणाला कोण हे तुम्ही ठरवायचं. नव्या मुलांना हा व्याप वाटतो. मला ते आवडलं, कारण बाजारात आज एका पायरचनेचा रिले मिळतो आणि उद्या दुसऱ्या. सिम्बॉल तोच ठेवून फुटप्रिंट बदलता येतं. तिसरं म्हणजे ईगलमध्ये स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्ड दोन्ही एकदम उघडे ठेवावे लागतात, नाहीतर दोघांचा मेळ तुटतो. कीकॅडमध्ये स्कीमॅटिकमध्ये हवे ते बदल करा आणि मग एफ ८ दाबून बोर्डावर न्या.

प्रत्यक्ष आयात करणं सोपं आहे. फाइल मेनूत बिगर-कीकॅड प्रोजेक्ट आयात करायची सोय आहे, त्यात ईगल निवडायचं. स्कीमॅटिक आणि बोर्ड या दोन्ही फाइलींचं नाव एकच हवं आणि त्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात. एक गोष्ट मात्र तुमच्या संगणकावर ईगल उघडतंय तोवरच उरकून घ्या. ईगलची फाइल एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर, झाली ती सहाव्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या फाइली बायनरी आहेत, कीकॅड त्या वाचेलच असं नाही. त्या सहाव्या किंवा पुढच्या ईगलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करून ठेवायच्या. मी आधी सगळ्या कपाटातल्या सीडी काढून हेच केलं.

आयात करताना लेयर जुळवायची एक खिडकी येते. तिथं पोरं भराभर ‘ओके’ करतात. तिथं थांबा. ईगलमध्ये लेयरना नंबर असतात: १ वरचं तांबं, १६ खालचं, २० बोर्डाची कड, ४६ मिलिंग. आमच्या कार्डावर ४१५ व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्या मध्ये एक लांब चीर आहे, ती ४६ वर काढलेली. ती कीकॅडच्या ‘एज कट्स’ लेयरवर आली नाही, तर जर्बरमध्ये, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइलींत, जाणार नाही, बोर्ड चिरेशिवाय तयार होईल आणि टेस्टिंगच्या टेबलावर तो उत्तम चालेल. म्हणून आयात झाल्यावर ऑल्ट आणि ३ दाबून थ्रीडी चित्र उघडायचं आणि चिरेतनं आरपार दिसतंय ना ते बघायचं.

ही चीर मुळात का आहे ते सांगण्यासारखं आहे. २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठचे किती स्टार्टर पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर पेट्याच्या पेट्या आमच्याकडं आल्या. कार्डं धुतली, वाळवली, चालूही झाली. पण पुराचा गाळ फार बारीक असतो, तो टर्मिनलच्या पायांमध्ये पातळ थर करून बसतो. पावसाळी दमट हवेत तो थर ओल धरतो आणि दोन फेजच्या मध्ये पृष्ठभागावरनं बारीक करंट सुरू होतो. हळूहळू तिथला लॅमिनेट काळा पडतो, आणि कोळसा झाला की तो स्वतःच वाहक. हवेतलं अंतर भरपूर असलं तरी काही उपयोग नाही, इथं पृष्ठभागावरचा रस्ता मोजावा लागतो. चीर पाडली की करंटला तिला वळसा घालून जावं लागतं. अण्णांनी त्यानंतर चीर टाकली आणि फेजच्या टर्मिनलांमधलं अंतर वाढवलं. २०२१ ला पुन्हा पूर आला, तेव्हा चीर असलेली कार्डं धुऊन, वाळवून, वर लॅकर मारून परत गेली.

हे सगळं कारण ईगलच्या फाइलीत कुठंही नव्हतं. फाइलीत फक्त एक चीर होती आणि काही पॅड (पार्टचे पाय झाळायच्या तांब्याच्या जागा) एकमेकांपासून लांब होते. आयात केल्यावर कीकॅडनं त्या रेषा जशाच्या तशा आणल्या, आणि त्याचं काम तेवढंच आहे. पण उद्या कुणी नवा मुलगा बोर्ड लहान करायला बसला तर त्याला ती चीर जागा खाणारी वाटेल. म्हणून आता मी नियम बनवते. फेजच्या नेट, म्हणजे जोडण्या, एका नेटक्लासमध्ये, म्हणजे गटात, टाकायच्या आणि कस्टम रूलमध्ये लिहायचं की या क्लासची नेट आणि दुसरी कुठलीही नेट यांच्यात किमान ६ मिलिमीटर अंतर हवं. त्या फाइलीत # हे चिन्ह देऊन टीप लिहिता येते, तिथं पुराचा गाळ आणि पृष्ठभागावरचा करंट हे मराठीत लिहून ठेवते. बोर्डावर ‘यूजर कमेंट्स’ लेयर असते, ती छापली जात नाही. तिथं चिरेशेजारी बाण काढून कारण लिहिलं आहे. ईगलच्या नेटक्लासमध्येही दोन क्लासमधलं अंतर देता यायचं. तुमच्या फाइलीत ते असेल तर ते नियम बनून आलंय का, हे उघडून तपासा.

आता जोडण्या. एलएम ३२४ चे सप्लायचे पाय ४ आणि ११. ईगलच्या लायब्ररीत हे पाय बऱ्याचदा वेगळ्या गेटमध्ये, म्हणजे सिम्बॉलच्या वेगळ्या तुकड्यात, असतात. तो गेट शीटवर ठेवलाच नाही तरी पायाच्या नावावरनं ते त्या नावाच्या नेटला आपोआप जोडले जातात. स्कीमॅटिकमध्ये दिसत काहीच नाही आणि बोर्ड बरोबर असतो. दुसऱ्या प्रोग्रामात नेताना नेमक्या अशा न दिसणाऱ्या जोडण्या पहिल्यांदा बघायच्या. तसंच दोन पानांवर एकाच नावाची नेट असली तर ईगल ती एकच धरतं. कीकॅडमध्ये साधं लेबल त्या पानापुरतं असतं, म्हणून आयात करताना ते ग्लोबल लेबल टाकतं. ऑटो स्टार्टरचं स्कीमॅटिक दोन पानांचं आहे, तिथं मी प्रत्येक लेबल बघितलं.

त्यावर माझी पद्धत जुनीच आहे. ईगलमधनं नेटलिस्टचा, म्हणजे कुठला पाय कुठल्या नेटला याच्या यादीचा, प्रिंट काढायचा, कीकॅडमधनं काढायचा, आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. एक जण मोठ्यानं वाचतो: “जीएनडी. सी १ चा दोन, सी ३ चा दोन, आयसी १ चा अकरा...” दुसरा पेन्सिलनं खूण करतो. एका कार्डाला एका दुपारच्या आत होतं. स्क्रिप्ट लिहूनही होईल, मोठ्या बोर्डाला तीच लिहावी लागेल. पण शिकाऊ मुलीबरोबर वाचत बसलं की ती मध्येच विचारते, “ताई, हा रेझिस्टर थेट फेजला का?” आणि मग सर्किटच शिकवून होतं.

डीआरसी, म्हणजे नियमांची आपोआप तपासणी, चालवला की आयात केलेल्या बोर्डावर तक्रारींचा पूर येतो. घाबरायचं नाही. आधी बी दाबून तांब्याचे झोन भरून घ्या, कारण ईगलच्या फाइलीत भरलेलं तांबं नसतंच, फक्त त्याची कड असते. मग न जोडलेल्या नेट बघा, मग अंतरं. अक्षरं पॅडवर आल्याच्या सूचना शेवटी.

रिले आणि टर्मिनलसाठी बोर्ड कागदावर एकास एक मापात छापायचा, खाली थर्माकोल ठेवायचं आणि दुकानातनं आणलेला खरा पार्ट त्यात टोचून बघायचा. यापेक्षा खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

शेवटी जर्बर. तुम्ही कुठल्याही प्रोग्रामात काढा, बोर्ड बनवणाऱ्याला जर्बर आणि ड्रिल फाइलच लागते. पूर्वीच्या जर्बरबरोबर अपर्चरची, म्हणजे आकार आणि मापांची, वेगळी यादी द्यावी लागायची, आरएस-२७४एक्स या पुढच्या जर्बरमध्ये ती आतच आली. जर्बरमध्ये फक्त आकार असतात, कुठला पॅड कुठल्या पार्टचा हे साध्या जर्बरला माहीत नसतं. म्हणून ईगल बंद झालं तरी जुन्या जर्बरवर तेच कार्ड पुन्हा बनवता येईल, पण त्यात बदल करता येणार नाही. मी ईगलचे जुने जर्बर आणि कीकॅडचे नवे व्ह्यूअरमध्ये एकावर एक टाकून फक्त फरक दाखवायला लावते. फरक दिसले ते जीएनडीच्या पॅडना भोवतीच्या तांब्याशी जोडणाऱ्या बारीक काड्यांत, म्हणजे थर्मलमध्ये, कारण दोघांची मापं वेगळी. कीकॅडमधनं काढताना जर्बर आणि ड्रिल दोन्हीला एकच ओरिजिन (शून्य बिंदू) द्या, नाहीतर भोकं पॅडवर येणार नाहीत.

एक गोष्ट मला फार आनंदाची वाटली. कीकॅड ७ पासून संगणकावरचे फॉन्ट बोर्डावर वापरता येतात. नव्या कार्डावर टर्मिनलशेजारी ‘मोटर’ आणि ‘कॉइल’ देवनागरीत छापलं आहे. रानात जोडणी करणारा वायरमन बॅटरीच्या उजेडात ते वाचतो, त्याला ते त्याच्या लिपीत मिळालंच पाहिजे. जोडाक्षरं नीट बसली आहेत ना हे मात्र जर्बर व्ह्यूअरमध्ये मोठं करून बघा, आणि अक्षर फार बारीक ठेवू नका, शाई भरते.

आता ड्राय रनचं कार्ड हाताशी घेतलंय. जोडण्या जुळल्या आहेत. सेन्सरच्या तारेजवळ एक कॅपॅसिटर आहे, तो नेमका तिथंच आणि त्याच किमतीचा का, हे कुठंच लिहिलेलं नाही. अण्णा गुरुवारी युनिटात येतात, तेव्हा विचारून ते कारण लेयरवर टाकेन आणि मगच जर्बर पाठवेन.