भुताच्या आधीचा जिना

"काका, त्या रामसेंच्या पिक्चरला तुम्ही खरंच घाबरता?"

तलावपाळीवर सकाळच्या फेरीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं ठेवून हे विचारलंय. रामसे म्हणजे स्वस्तातले भुताचे हिंदी पिक्चर काढणारे भाऊ. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधीच हसू असतं. रबराचा मुखवटा, लाल-निळे दिवे, मिनिटागणिक धूर, यात घाबरण्यासारखं काय, असा त्याचा भाव. मीही दरवेळी हसून वेळ मारून नेतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून जरा बसून सांगतो.

उत्तर 'हो' असंच आहे. फक्त भुताला घाबरत नाही.

मी 1985 ते 1994 ठाण्याच्या नौपाड्यात व्हिडिओ लायब्ररी चालवली. आठ बाय दहाचा गाळा, तीन भिंतींना कॅसेटी, काउंटरखाली व्हीसीआरचं हेड साफ करायचं स्पिरिट आणि कापूस. शनिवारी रात्री लोक व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं न्यायचे, सोबत तीन कॅसेटी. एक घरच्यांसाठी, एक मारामारीची आणि एक भुताची. भुताची शेवटी लागायची, बारा वाजून गेल्यावर, पोरं झोपली असं समजून. पोरं कधीच झोपलेली नसायची. चादरीच्या फटीतून पाहणारी ती पोरं आता पन्नाशीला आलीत आणि मला हाच प्रश्न विचारतात.

एक गोष्ट कबूल करतो. भुताची कॅसेट परत आली की मी ती तपासायचो. टेप जास्त घासली की पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात, व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवा, जात नाहीत. कॅसेट सर्वांत जास्त कुठं घासलेली असायची? भुताच्या जागी नाही. आंघोळीच्या सीनला. लोक तेवढाच भाग मागे घेऊन घेऊन पाहायचे. सभ्य घरांतल्या कॅसेटीही तिथंच झिजलेल्या. तेव्हा या पिक्चरांना कला वगैरे म्हणायला मी जात नाही, त्यांचा धंदा कशावर चालायचा ते मला माझ्या काउंटरवर कळत होतं.

पण त्याच कॅसेटीत दुसराही भाग होता आणि तो मी गाळा बंद करून एकटा पाहायचो. बाई हातात कंदील घेऊन जिना चढते. वर दार आहे. बाई चढते, थांबते, मागं वळते, पुन्हा चढते. काही घडत नाही. तीन मिनिटं, चार मिनिटं. मग दार उघडतं, भूत येतं आणि माझी भीती तिथंच संपते.

रामसेंच्या 'पुराना मंदिर'मधला (1984) सामरी नावाचा सैतान घ्या. ते काम करणारे अजय अग्रवाल हे रुडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंची अफाट, चेहरा असा की मेकअप कमीच लागावा. पण एकदा तो चेहरा समोर आला की हा आता काय करणार ते आपल्याला माहीत असतं. डोळे वटारणार, हात पुढं करणार. त्याच्या आधीच्या त्या जिन्यावर मात्र काय आहे ते माहीत नसतं.

हा जिना इतका लांब का, याचं उत्तर मला पुढं दुकानदाराच्या डोक्यानंच सुचलं. त्या काळी पिक्चरची लांबी रिळांत मोजायचे. हजार फुटांचं एक रीळ, म्हणजे साधारण अकरा मिनिटं. अशी चौदा-पंधरा रिळं भरायची. भूत उभं करायचं तर मेकअपला तास जाणार, मारामारी घातली तर माणसं लागणार, गाणं घातलं तर सगळंच लागणार. जिना चढायला मात्र एक बाई, एक दिवा आणि एक रात्र पुरते. रीळ भरायचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच. पैसे नाहीत म्हणून जे ताणलं, नेमकं तेच अंगावर काटा आणणारं निघालं. त्यांनी ते ठरवून केलं की नाईलाजानं, यात मी पडत नाही. कदाचित सुरुवातीला नाईलाजानं आणि नंतर ठरवून.

कारण माणसं हुशार होती. या भावांचे वडील फतेहचंद रामसिंघानी फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान चालवायचे, तिथंच रामसिंघानीचं रामसे झालं. 1970 साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि थिएटरात तेवढ्यापुरती लोकांची दातखीळ बसते हे मुलांनी हेरलं. मग 1972 साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. महाबळेश्वरला मोजकी माणसं नेऊन, सरकारी गेस्ट हाउसात राहून, काही लाखांत उरकलेला. कामं भावाभावांत वाटलेली. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज बघणार, अर्जुन फिल्मची कापाकापी म्हणजे एडिटिंग करणार, केशू निर्मितीत. त्याआधी बापानं पोरांना श्रीनगरच्या हाउसबोटीवर ठेवून जोसेफ मॅसेलीच्या पुस्तकावरून छायाचित्रणाचे धडे गिरवायला लावले होते. आपल्याकडे किराणा मालाच्या दुकानात पोरांना बसवतात ना, तसंच.

सेट लावायला पैसे नाहीत म्हटल्यावर खऱ्या जागा शोधणं आलं. मुरूडचा नवाबाचा राजवाडा त्यांच्या पिक्चरांत दिसतो. अलिबागकडून मुरूडला जाताना टेकडीवर दिसतो तोच, घुमट आणि कमानींचा. मोठ्या निर्मात्याची हवेली स्टुडिओत बांधलेली असते, तिच्या कोळिष्टकांनाही बिल असतं. इथं भिंतीवरचे ओघळ खऱ्या पावसाचे. कोकणातली ओल कोकणातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या चाळीच्या पोपड्या आलेल्या भिंतीला याच ओलीचा वास यायचा. पडद्यावरची ती भिंत पाहिली की मला अजूनही तो वास येतो. नटनट्या खोटं खोटं घाबरत असतात आणि त्यांच्या मागची भिंत मात्र खरी असते.

आणि आवाज. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जास्त सांगतो. तेव्हाचे कॅमेरे शूटिंगला खडखड करायचे, त्यामुळे संवाद नंतर डबिंगला व्हायचे. पावलं, दार, वारा, कुत्रं, सगळं मागाहून घातलेलं. म्हणजे जे कुणी घातलं नाही ते नाहीच. दोन ओरडण्यांच्या मधे जी शांतता असते तिच्यात पंख्याची घरघर नाही, रातकिडा नाही, लांबची गाडी नाही. ठाण्यात वाढलेल्या माणसानं अशी शांतता कधी ऐकलेलीच नसते. आमच्याकडे पहाटे तीनलाही रुळांवरून मालगाडी जाते, आणि ती थांबली तर शेजारचं कुणीतरी खोकतं. पडद्यावरच्या त्या खोलीत बाई उभी असते आणि खोलीला स्वतःचा आवाजच नसतो. पावलं तेवढी वाजतात, तीही कानाच्या फार जवळ, जणू चालणारं आपल्या खोलीत आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही, हे मला फार उशिरा कळलं. घोडबंदर रोडला माझा भाचा राहतो. बाविसावा मजला, खिडकीत येऊरचा डोंगर. त्यानं दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी रविवारी मला 'कार्निव्हल ऑफ सोल्स' दाखवला. 1962 चा, अमेरिकन, ब्लॅक अँड व्हाइट. दिग्दर्शक हर्क हार्वी कॅन्ससमधल्या एका कंपनीत शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट करायचा. कॅलिफोर्नियाहून गाडीनं परतताना त्याला युटाच्या खाऱ्या सरोवराकाठी सॉल्टएअर नावाचा ओसाड पडलेला करमणुकीचा मंडप दिसला, आणि त्या इमारतीसाठी त्यानं गोष्ट लिहून घेतली. बजेट तीसेक हजार डॉलर, शूटिंग तीन आठवड्यांत, फिकट चेहऱ्याचा भुतासारखा माणूस म्हणून तो स्वतःच उभा राहिला. त्यानंतर त्यानं दुसरा कथापट कधी केलाच नाही.

त्यात एक प्रसंग आहे. नायिका दुकानात कपडे घालून बघते आणि अचानक जगाचा आवाज बंद होतो. ती बोलते, कुणाला ऐकू जात नाही. विक्रेती तिच्या आरपार बघते. ती रस्त्यावर येते, लोक चालताहेत, गाड्या जाताहेत, सगळं मुकं. फक्त तिच्या टाचा वाजतात. आवाज काढून टाकायला पैसे लागत नाहीत. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो. भाचा म्हणाला, "मामा, एसी कमी करू का?"

त्या रात्री तिथंच झोपलो. पाण्यासाठी उठलो तर पॅसेजमधला दिवा आपोआप लागला. त्याच्याकडे सगळीकडे सेन्सर आहेत, माणूस दिसलं की उजेड. भुताच्या पोटावर पायच आहे तो. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते आणि जिना लाकडी. रात्री खाली कुणी चढायला लागलं की चौथी पायरी वाजायची, मग सातवी. चौथी वाजली आणि सातवी वाजलीच नाही, की आई अंथरुणातून विचारायची, "कोण आहे रे?" बहुतेक वेळा विडी शिलगावायला थांबलेला कुणीतरी असायचा. पण चौथी आणि सातवीच्या मधे जे काही होतं, तेच मला त्या पिक्चरांत दिसतं. चाळ पाडली, चौदा मजली टॉवर झाला, जिना आगीच्या वेळेपुरता उरला.

आता रामसेंचे तेच पिक्चर धुऊन-पुसून नेटवर मिळतात. मी पाहिले. इतके स्वच्छ की मुखवट्याची कड मानेपाशी कुठं संपते ते दिसतं, कोपऱ्यातला अंधार उजळून तिथं नुसता कोपरा असल्याचं दिसतं. माझ्या कॅसेटी कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून पुन्हा कॉपी अशा असायच्या. काळा रंग गढूळ व्हायचा, हलायचा. कोपऱ्यात काही आहे की टेप खराब आहे, हे मलाही सांगता यायचं नाही, आणि मी तर दुकानदार.

तेव्हा बघायचाच असेल तर मोबाइलवर नको आणि लख्ख प्रिंट नको. माझ्याकडे एक कॅसेट अजून चालते. व्हीसीआर तुमचा तुम्ही शोधा. आंघोळीच्या सीनला रेघा येतील, त्याला माझा इलाज नाही. जिना शाबूत आहे. डिपॉझिट घेत नाही, फक्त रिवाइंड करून आणा.