सरकार मानत नाही, मग टॅक्स का भरता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. माझं पोट लोकांचे इन्कमटॅक्स रिटर्न भरण्यावर चालतं. 'मी अराज्यवादी आहे' असं सांगणाऱ्या बाईकडे फॉर्म सोळा घेऊन कोण येणार? तरी बातमी फुटलीच. दर जुलैत, टेबलावर फायलींचा ढीग असताना, एक निवृत्त मुख्याध्यापक चष्मा पुसत विचारतात, "मॅडम, सरकारच तुम्हाला मान्य नाही, मग आमच्याकडून एवढं वेळेत का भरून घेता? स्वतःचा तरी भरता का?"

भरते. वेळेत भरते.

अराज्यवादी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बॉम्ब येतात. तसेही होऊन गेले. 1901 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडणारा चोल्गोश स्वतःला अराज्यवादीच म्हणवत होता. मी ज्या पंथातली आहे तो अगदीच निरुपद्रवी, त्याचं सगळं भांडण एका प्रश्नावर आहे: केवळ सरकारनं सांगितलं म्हणून ते ऐकणं माझं कर्तव्य ठरतं का? रॉबर्ट पॉल वुल्फ या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1970 मध्ये 'नाही' म्हणून सांगितलं. योग्य काय हे स्वतः ठरवणं ही माणसाची जबाबदारी, ती दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. कायदा सांगतो ते मी करेनही, पण मला पटलं म्हणून. हुकूम आहे म्हणून नव्हे.

तेव्हा टॅक्सचं म्हणाल, तर सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला खाट मिळावी असं मला वाटतं म्हणून थोडा भरते, आणि नोटीस येईल, वर व्याज लागेल या भीतीनं थोडा. कशाचा वाटा किती, ते विचारू नका. आज्ञापालन म्हणून मात्र त्यात एक रुपयाही नाही.

यावर मुख्याध्यापकांचं ठरलेलं उत्तर असतं, "अहो, पण रस्ता वापरता, नळाचं पाणी पिता, म्हणजे संमती दिलीतच की!" मुद्दा जुना आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकनं 1689 मध्ये हेच मांडलं होतं: एखाद्या राज्याच्या रस्त्यावरून मोकळेपणानं चाललात तरी तेवढ्यापुरती मूक संमती झाली. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1748 मध्ये त्याची टोपी उडवली. माणसाला झोपेत उचलून जहाजावर आणलं, आता बाहेर पडायचं तर समुद्रात उडी मारून मरायचं. तरी 'जहाजावर राहिला म्हणजे कप्तानाचा अधिकार त्याला मान्य आहे' असं म्हणणार का? मी तर रोज टीडीएस बघते. पगार हातात पडायच्या आधीच त्यातून कर कापला जातो. बिस्किटपुडा घेणारं शाळकरी पोरसुद्धा जीएसटी भरतं. त्या पोरानं संमती कधी दिली?

न्यायबुद्धीचा मुद्दा मला जास्त जड जातो. बाकीचे भार उचलतात आणि त्यांच्या जिवावर तुमचं चालतं, तर तुमचा वाटा नको का द्यायला? ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1955 मध्ये हे मांडलं. त्यावर एवढंच म्हणता येतं की फायदा मागून घेणं वेगळं आणि न मागता पदरात पडणं वेगळं. तेही पुरतं समाधान करत नाही.

पण हा सगळा वाद एकटा माणूस आणि त्याच्यासमोर सरकार, असं दोघांचंच चित्र धरून चालतो. आपल्याकडे तिसरं कोणी तरी आधीच बसलेलं असतं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत गावाचं 'अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा' असं जे वर्णन केलं, ते वाचल्यावर 'सरकार हटवा, गाव आपलं आपण बघेल' असं म्हणायला जीभ धजत नाही. वर्षभरानं, 25 नोव्हेंबर 1949 ला ते म्हणाले की सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार हे अराजकाचं व्याकरण आहे. आणि हे कोण म्हणत होतं? ज्यांनी महाडचा सत्याग्रह केला ते.

महाडकडे जरा थांबून बघायला हवं. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळानं सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर सरकार बाजूनं होतं, तळ्यावर मात्र कोणाची जायची छाती नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक जाऊन पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी लोकांना बेदम मार बसला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर सवर्णांनी तळं खासगी असल्याचं सांगत कोर्टातून मनाई हुकूम आणला. जमलेल्या लोकांची तयारी असूनही बाबासाहेबांनी तो हुकूम पाळायला लावला. हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

म्हणजे त्या तळ्यावर हुकूम सोडणारे दोघे होते: सरकार आणि जात. त्यातल्या जातीला तर संमतीचं नाटकही करावं लागत नव्हतं, जन्मलात, झालं. जातपंचायतीचंही तेच. दंड ठोठावणार, वाळीत टाकणार, आणि हे सगळं सरकारच्या मदतीशिवाय. त्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. म्हणून माझं म्हणणं असं की 'तुला हा अधिकार दिला कोणी?' हे मंत्रालयाला विचारायच्या आधी पंचांना विचारायला हवं. जे अराज्यवादी फक्त सरकारलाच विचारतात, ते मला अर्धवट वाटतात. वाळीत टाकलेलं कुटुंब पोलीस ठाण्याची पायरी चढत असताना मी त्याला वुल्फ ऐकवणार नाही. पण पंचांपेक्षा बरं असणं म्हणजे आज्ञा देण्याचा हक्क असणं नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ ए. जॉन सिमन्स यांनी हा भेद नीट केलाय: एखादं राज्य असलेलं बरं, हे पटवता येईल; तेवढ्यानं ते माझं मालक होत नाही.

"मग तुमचं हे चालतं तरी कुठे?" हा पुढचा प्रश्न. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. गडचिरोलीतलं छोटंसं गोंड गाव, घोषणा 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. ग्रामसभेत मतदान नाही, निर्णय सर्वसहमतीनं. एकाचंही अडलं तर थांबायचं, बोलत राहायचं. गंमत म्हणजे, माणसाच्या स्वातंत्र्याला बाध न आणणारी एकच व्यवस्था तत्त्वतः शक्य आहे, ती सगळ्यांच्या एकमतानं चालणाऱ्या थेट लोकशाहीची, असं वुल्फही म्हणतात. फक्त ती व्यवहारात फार टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं.

2009 मध्ये, वनहक्क कायद्याखाली, मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो बाहेर न्यायला वाहतूक पास लागतो आणि वनखातं तो देईना. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुस्तक सरकारकडून आलं, पास द्यायचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. यातलं 'सरकार' नेमकं कोण, यावर मुख्याध्यापकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.